पार्टी देणाऱ्याचा दर

दादांच्या पबमध्ये मी आजवर एकदाही निवांत बसलेलो नाही. ग्लास समोर आला की माझं डोकं त्याचे तुकडे पाडायला लागतं. माल्ट एवढं, चिलरची वीज एवढी, जागेचं भाडं, लायसन्सची फी, सांडलं-फुटलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत मी कॉस्टिंगला आहे. व्हेंडरला त्याचाच दर फोडून दाखवायचा आणि दरवर्षी तो थोडा खाली आणायचा, हे माझं काम. सुटीच्या दिवशीही ते डोक्यातून जात नाही.

"शनिवारी तरी व्हेंडरची मान सोड की रे," दादा म्हणायचे.

दादा नात्याने माझे कुणी नाहीत. तालुक्याच्या गावातून डिप्लोमा करून मी इकडे आलो, तेव्हा चिखलीत पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या ज्या प्रेस शॉपमध्ये लागलो, तिथे ते मेंटेनन्सला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. नोकरी सांभाळून मी पदवीला बसलो, त्या वर्षांत परीक्षा आल्या की माझी रात्रपाळी दादा स्वतःकडे घ्यायचे. कधी बोलून दाखवलं नाही. मी आज जो काही आहे त्यात त्यांच्या जागरणांचा वाटा आहे, आणि हे मी कुणापुढेही सांगतो.

पुढे ते शॉप विकलं गेलं. नोकरी सुटताना हातात आलेल्या पैशांतून दादांनी स्टीलच्या दोन टाक्या घेतल्या आणि तळवड्याच्या बाजूला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्वतःची बिअर गाळायला सुरुवात केली. आयुष्यभर मशिनं दुरुस्त केलेला माणूस. टाकीचा व्हॉल्व्ह उघडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. माल्ट शिजतं तेव्हा सगळ्या जिन्यात सातूच्या पिठासारखा वास भरतो. वहिनी मावळातल्या जुन्या घरातल्या. स्वतः थेंबालाही शिवत नाहीत, पण स्वयंपाकघर आणि गल्ला दोन्ही त्यांच्याकडे.

बिअर चांगली होती. अडचण दराची होती. ग्लास तीनशे रुपयांना. रस्त्यापलीकडच्या परमिट रूममध्ये तेवढ्यात बाटली येते, वर चकणा फुकट. सुरुवातीला लोक नवलाने आले, मग टेबलं रिकामी राहू लागली. त्यातच कराराचे अकरा महिने संपत आले आणि जागामालकाने निरोप धाडला: भाडं वाढेल, पटत नसेल तर मोबाइलचं दुकान तयार आहे, सोमवारपर्यंत सांगा.

दादांनी मला जिन्यात गाठलं. "तू दर काढ. तू म्हणशील तसं करू. नाहीतर टाक्या विकून टाकतो."

त्यांनी माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. तो आठवडा मी ऑफिसात धड जेवलो नाही. बसमध्ये, मीटिंगमध्ये, अंघोळीला गेलो तरी तेच. दर खाली आणायला कुठेही जागा नव्हती. दादांनी आधीच स्वतःचा पगार शून्य धरला होता. व्हेंडर असता तर मी तेवढ्यावरही अडून बसलो असतो.

मग मला वाटलं, खरी गोम सापडली. आमच्या या पट्ट्यात एकटा माणूस क्वचित पितो. पार्टी असते. कुणी पर्मनंट झाला, कुणाला मुलगी झाली, कुणी गाडी घेतली, की तो सगळ्यांना घेऊन येतो आणि बिल तोच देतो. तीनशेचा एक ग्लास कुणालाही परवडेल. सहा जणांचे दोन-दोन ग्लास एकाच खिशाला परवडत नाहीत. म्हणून लोक समोर जातात. आमच्या ऑफिसात असं नसतं. आम्ही कॉफीचंही बिल फोनवर वाटून घेतो, रुपयाला रुपया. मी दादांना सांगितलं, "दर आहे तोच ठेवा. ज्याचे त्याने काउंटरवर आधी भरायचे. एकावर ओझं नको."

दादांनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. "बघू," म्हणाले, "तू शिकलेला आहेस."

शनिवारी संध्याकाळी सहा जण आले, पहिल्या पाळीचे, कंपनीच्या निळ्या शर्टात. त्यातला सगळ्यात तरुण, मराठवाड्यातला, त्या दिवशी पर्मनंट झाला होता. बाकीचे त्याची खेचत होते. "बघ रे, आता हेल्मेटसुद्धा सरळ घालतंय बेणं!" "आता लग्नाच्या बाजारात भाव वाढला भावाचा!"

वहिनींनी नवा नियम सांगितला. "ज्याचं त्यानं भरायचं हाय बरं का, हितंच."

हसणं थांबलं. तरुण पुढे झाला. "मावशी, पार्टी माझी आहे."

"व्हय, पर नियम हाय बाबा."

"काय बोलायलाव मावशी? माझ्या दिवशी माझ्या माणसांनी पाकिटं काढायची?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "माझी ऐपत नाही वाटली का तुम्हाला?"

एक वयस्कर सोबती म्हणाला, "चल राव, उगं कशाला. समोर बसू." जाताना तो दादांकडे वळला. "मालक, झकास आहे जागा. पण इथं माणसाला पाहुणचार करता येत नाही."

ते जिना उतरायला लागले आणि मला माझा स्वतःचा पर्मनंटचा दिवस आठवला. त्या महिन्यात बहिणीच्या फीला पैसे पाठवून माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पार्टी कशी टाळायची याच विचारात मी लॉकरपाशी उभा होतो. दादांनी माझ्या शर्टाच्या खिशात घडी केलेल्या नोटा सरकवल्या आणि मोठ्याने ओरडले, "चला रे, आज साहेब पाजणार आहेत!" बिल मी दिलं. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. त्या संध्याकाळी मी या शहरात कुणीतरी झालो. ओझं उतरवायला निघालेल्या मला हे आधी का सुचलं नाही, ते मला अजून उमगलेलं नाही.

दादांना मात्र काही आठवायची गरज पडली नाही. ते चप्पल न घालताच खाली धावले. मी मागोमाग. रस्ता ओलांडायच्या आत त्यांनी त्या मुलाचा दंड धरला.

"नियम गेला खड्ड्यात. वर चल. आज माझ्याकडून."

"नाही मालक. पार्टी माझी."

"अरे पहिला दिवस तुझा!"

"म्हणूनच माझी!"

पाच जण फुटपाथवर उभे राहून मजा बघत होते. एक म्हणाला, "दोघंबी नको, मीच देतो, पण आत चला, घसा वाळला." शेवटी ठरलं ते असं: टेबलावर मोठा जग ठेवायचा, ग्लास मोजायचे नाहीत, टेबलाचा एकच आकडा, आणि तो पार्टी देणारा देणार. वहिनींनी शेंगदाण्याचा भला मोठा वाडगा आणून मधोमध आपटला. "घ्या! ह्याचं कुनाचंच न्हाई." आकडा दादांनी उभ्या उभ्या ठरवला. मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या आकड्यात खर्चही निघत नव्हता. मी तोंड उघडलं, दादांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी ते मिटलं.

सोमवारी त्यांनी एक टाकी विकायला काढली, त्यातून वाढीव भाडं भरलं आणि पुढच्या अकरा महिन्यांवर सही केली. आता टेबलाचाच दर चालतो. शनिवारी गर्दी असते, मंगळवारी नसते, आणि एका टाकीत शनिवारपुरती बिअर जेमतेम निघते. कधी गणित बसतं, कधी नाही. जग थोडा लहान केला तर बसेल, हे मला स्पष्ट दिसतं. ते दादांना सांगू की नको, याचा निर्णय अजून होत नाही. ऑफिसातून परतताना निगडीला बस बदलतो तेव्हा रोज ठरवतो की उद्या सांगायचं.