उष्णता म्हणून अंगावर काढलेलं

सोन्याचा साज घडवणाऱ्याचा डोळा गेला की हात असून नसल्यासारखे. गेल्या वर्षी गुजरीत, आमच्या सोनारांच्या पेठेत, बैठकीवर साजाची पानं जोडताना डाव्या डोळ्याला धुरकट दिसायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो, पण मला एचआयव्ही आहे हे सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमचा जुना बाणा. त्यांनी थेंब दिले. फरक पडला नाही.

एचआयव्ही आम्हा नवराबायको दोघांनाही आहे, बरीच वर्षं. माझ्याकडून तिला गेला. गोळ्या आम्ही घड्याळ लावून घेतो. रक्तात विषाणू सापडत नाही असा रिपोर्ट आला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. दोघांनाही एकच आजार, मग निरोध कशाला, आता आणखी काय व्हायचं राहिलंय, असं म्हणायचो. कामानिमित्त बेळगावला जाणं व्हायचं. तिथं एका बाईकडं दोन-चारदा गेलो. लिहितानाही लाज वाटते.

डोळा बिघडायच्या दोन-तीन महिने आधी लघवीच्या जागी एक चट्टा उठला. दुखत नव्हता. असल्या सगळ्या दुखण्यांना आमच्याकडं एकच नाव, उष्णता. तांबडा रस्सा सोडला, सब्जा भिजवून प्यायलो, महिन्याभरात चट्टा गेला. मी स्वतःला वैद्य समजायला लागलो. मग तळहातांवर तांबूस डाग आले. म्हटलं, कामातल्या तेजाबाचे, अ‍ॅसिडचे असतील. डाग तळपायांवरही होते, पण तेजाब पायांवर कुठून येणार, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

महिन्याच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेलो, तेव्हा समुपदेशक बाईंनी माझे हात पाहिले, मी डोळा चोळत होतो म्हणून त्याचंही विचारलं.

"दादा, दुसऱ्या कुणाकडं गेलता का?"

"न्हाय."

"मला खोटं सांगून तुमचा डोळा ऱ्हाणार न्हाय."

मी खूप घाबरलो. सगळं सांगून टाकलं. रक्त तपासलं, सिफिलिस निघाला, शरीरसंबंधातून लागणारा; चट्टा, डाग, डोळा, सगळं त्याचंच. डॉक्टर म्हणाले, तुमच्या गोळ्या एचआयव्हीला अडवतात, याला नाही. एचआयव्ही असलेल्या माणसात हा डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत लवकर पोचू शकतो. आजच भरती व्हा, डोळा वाचायची आशा आहे. आणि बायकोला तपासायला आणा.

इंजेक्शनं दोन आठवडे चालली. ती मी निमूट घेतली. डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यानं मात्र माझी झोप उडाली. भरतीच्या तिसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन आली तेव्हा मी खाली बघत म्हणालो, "तुझं बी रक्त तपासायचं हाय."

तिला समजलं. डबा उघडून तिनं भाकरी माझ्यापुढं ठेवली.

"पयल्या खेपेला, एचआयव्ही कुणाकडनं आणलासा म्हणून मी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "पोरं ल्हान हुती, गप बसले. आता इचारते."

मी सांगितलं. बेळगावचं, त्या बाईचं, सगळं.

डोळा बराचसा परत आला. तिच्या रक्तातही सिफिलिस निघाला. इंजेक्शन घेऊन ती घरी आली आणि तिनं माझं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत टाकलं. मी ते आत नेलं नाही. अजून तिथंच झोपतो.