मॅक्वारी बेटावर आलेली हाक

२०२४ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. शिक्षण चौथी, धंदा गवंडीकाम. भूतखेत मी मानत नाही. गावच्या स्मशानाची भिंत एकट्यानं बांधलीय, कुणी वीट द्यायलासुद्धा आलं नाही. तेव्हा मला शिकवायला येऊ नका...

सुऱ्याची आई गेली आणि पोरानं मला सिडनीला, स्कोफिल्ड्सला आणलं. सकाळी चहा घेताना मी तिच्याशी बोलतो. जन्माची सवय, त्यात काय? पण सुऱ्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं चाललं. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात मेमरी टेस्ट ठरवली. मी सांगितलं, येणार नाही. एकदा डॉक्टरनं तसं लिहिलं की घराची किल्लीपण हातात देणार नाहीत. मग मन रमेल म्हणून त्यानं होबार्टहून दक्षिण ध्रुवाकडच्या क्रूझवर नेलं. दोघंच, तो नि मी.

मॅक्वारी बेटावर उतरलो. दुपारची वेळ, धुकं, आणि किनारा भरून पेंग्विन. कोंबडबाजारापेक्षा जास्त कलकलाट. नियम काय, तर प्राण्यांपासून लांब राहायचं आणि खाली बसायचं नाही. माझे पाय भरून आले, मी सवयीनं उकिडवा बसलो. गाईडबाई आली, "अप प्लीज, मेट." मी हलेना. सुऱ्या शरमेनं इकडे तिकडे बघायला लागला.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला... "ती-ती-ती-तीऽऽ".

तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात घालायला सुऱ्याची आई असंच बोलवायची. शेवटचा सूर जरा ओढून. समोरचे सगळे पेंग्विन गप्प. माना एकाच बाजूला, पाण्याकडे. कोंबड्या झाल्या की त्याच दमात ती पोराला हाक मारायची... तशीच आली.

"सुऱ्याऽऽ".

"आलो गं आई," सुऱ्या म्हणाला.

चांगलं मोठ्यानं. पंचेचाळीस वर्षांचा गडी, ऑफिसात सगळे ज्याला सॅम म्हणतात. बोलून थांबला नाही, चालायलापण लागला. बाईनं दंड धरला म्हणून, नाहीतर पुढं नुसतं पाणी होतं. तिला हाक ऐकू आली नव्हती. पण पेंग्विन असे गप्प झालेले तिनंही कधी बघितले नव्हते, असं तीच म्हणाली.

बोटीवर आल्यावर सुऱ्या म्हणे, वारा होता बाबा. मी विचारलं, तू वाऱ्याला आई म्हणतोस काय रे? तो उठून केबिनमध्ये गेला. जेवलापण नाही.

तुम्हीही वारा म्हणा, पक्षी म्हणा, भ्रम म्हणा. मला उलगडा झालेला नाही आणि त्यासाठी मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण एक ध्यानात ठेवा — ओ मी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन चहा घेऊन डेकवर गेलो. एक त्याच्या हातात दिला. म्हणालो, "येतो तुझ्या वेस्टमीडला. पण नंबर दोघांचा लाव."

आणि तिथंच, त्याच्या देखत, तिच्याशी बोलायला लागलो.