डाव्या कानाची डाय

बळवंत चुरी बायकांच्या कानांकडे बघतो, हे आमच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. बोईसरच्या बाजारात एकदा यावरून मार खाता खाता वाचला. वांगी निवडणाऱ्या एका बाईच्या कानाशी हा इतका वाकला, की तिच्याबरोबरचा गडी खेकसला, "क्या देख रहा है?" आणि आमचा शहाणा म्हणतो, "काम देख रहा हूँ." मी सोबत होते म्हणून बरं. हा माणूस कानातल्यांच्या डाया बनवतो, याला कानापलीकडची बाई दिसतच नाही, असं माझ्या मोडक्या हिंदीत समजावलं तेव्हा कुठे सुटका झाली. परत येताना रिक्षात मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो बाहेर बघत एवढंच म्हणाला, "आमची नव्हती गं हंसा. पान आमच्यासारखं होतं, पण आमचं नव्हतं."

आम्ही दोघं एका वर्गातले. पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले आणि तो डाय कापायला बसला. वाणगावहून समुद्राकडे निघालं की वाटेतल्या गावांत तेव्हा पडवीपडवीतून टकटक ऐकू यायची. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, तो ठोकळा म्हणजे डाय. मुंबईचा व्यापारी त्यावर सोन्याचा नाहीतर पितळेचा पातळ पत्रा ठेवून दाब देतो आणि पत्र्यावर नक्षी उमटते. डायमध्ये जे खोल ते दागिन्यावर वर येतं, आणि जे डावीकडे ते उजवीकडे जातं. म्हणून डाय कापणारा माणूस चित्र बघतो सरळ आणि हात चालवतो उलटा. बळवंतच्या हाताला ते इतकं मुरलं होतं, की पोरांना चिडवायला तो त्यांची नावं पाटीवर उलटी लिहून दाखवायचा.

माझ्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता. बिंदू, रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश. आणि खाली तोल, लय, प्रमाण, विरोध, एकता. तीस-पस्तीस वर्षं मी तो पोरांकडून घोकून घेतला. आपल्या मुलीच्या, समिधाच्या, पालकसभेला बळवंत आला, तेव्हा त्याने तक्ता वाचला आणि म्हणाला, "रंग सोडला तर सगळं आमच्याकडं हाय." मला राग आला. म्हटलं, मग काढ बघू फळ्यावर एक आंब्याचं झाड. त्याने काढलं. ते केरसुणीसारखं आलं. पालकसभा हसून हसून बेजार झाली, त्यात समिधाही होती. कागदावर त्याची रेघ कायम भित्री. पोलादावर मात्र तीच रेघ काय वळायची! एकदा त्याने मला भिंगातून पान दाखवलं होतं. शिरेपाशी खोल, कडेला उथळ, आणि मधे काहीच न कोरलेली नितळ जागा. "इथं उजेड बसतो," तो म्हणाला. अवकाश म्हणजे काय हे पुढे मी पोरांना त्याच शब्दांत सांगू लागले. त्याला मात्र ते कधी कळू दिलं नाही, आधीच डोक्यावर बसला असता.

पण ही नुसती बळवंतची गोष्ट नाही. कानातली दोन असतात. वेल उजव्या कानात गालाकडे वळली, तर डाव्या कानातलीनेही गालाकडेच वळायला हवं; म्हणजे दुसरी डाय पहिलीची आरशातली जोडीदारीण हवी. बळवंत उजवी कापायचा. डावी कापायची त्याची बायको, जयवंती.

लग्न होऊन आली तेव्हा तिला छिन्नी कशी धरतात तेही माहीत नव्हतं. माहेरी पानवेलींची वाडी, हात सगळा वेली बांधण्यात तयार झालेला. बळवंत कापायचा आणि ही समोर बसून कंदील पुसता पुसता बघायची. एक दिवस तिने उजव्या डायचा मेणावर ठसा घेतला, तो समोर ठेवला आणि जसा दिसतो तसाच दुसऱ्या ठोकळ्यावर कापला. मेणावर आधीच सगळं उलटलेलं असतं, त्यामुळे तिला डोक्यात काही उलटवावं लागलं नाही. डावी बरोबर आली. तेव्हापासून उजवी त्याची, डावी तिची, असा संसार. एकाच टेबलावर समोरासमोर, मधे एक ट्यूबलाइट. भांडण झालं की ती डावी बंद करायची. मग मुंबईहून व्यापाऱ्याचे फोन यायचे आणि बळवंत नाक मुठीत धरून चहा करायचा. तो चहा मी प्यायले आहे. एकदा पिऊन भांडण मिटवावं असाच तो असायचा.

त्यांच्या डाया गेल्या त्या गेल्याच. दागिने कुठे इंदूरला, राजकोटला विकले जायचे. एवढ्या जोड्या कापून दोघांनी त्यातली एकही कुणाच्या कानात पाहिली नव्हती. सुईणीने अख्ख्या गावाची बाळंतपणं करावीत आणि एकही मूल चालताना बघू नये, तसं ते होतं. म्हणून तो बाजारात कानांकडे बघायचा. जयवंती हसायची, "कुटं गावतंय तुमाला! समिधाचं लगीन होऊंदे. तिच्या कानात आपलीच घालू. मग बघा पोटभर." हे बोलणं इतक्या वेळा झालं, की समिधा चौथीत असल्यापासून कान जपत होती.

आणि मग जयवंतीचे डोळे गेले. काचबिंदू. बाजूबाजूनं दिसेनासं होत गेलं आणि ही दोघं ट्यूबलाइट बदलत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, तोवर उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. त्याच सुमारास कॉम्प्युटरवरची मशीन आली. त्यात एक बटण दाबलं की उजवीची डावी तयार. पडव्या गप्प झाल्या. बळवंतकडे अधूनमधून काम यायचं ते नुसत्या पेंडंटचं, ज्याला डावं-उजवं नसतं. समोरची खुर्ची त्याने हलवली नाही. जयवंती अजूनही दुपारी तिथेच येऊन बसायची, लसूण सोलत.

गेल्या वर्षी समिधाचं ठरलं. ती कुंभवलीजवळच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, आणि मुलगा, चिराग, पालघरचा. ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी बळवंत ठोकळा घासायला बसला. जन्मभर व्यापाऱ्याने पाठवलेली चित्रं कापली, स्वतःचं असं पहिल्यांदाच. सुचेना. मोर काढला, खोडला. कोयरी काढली, खोडली. माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, जयवंतीच्या माहेरचं काहीतरी काढ की. तो तसाच चपला घालून निघून गेला. आठवड्याने डाय घेऊन आला. पानवेलीचं एक टोक, त्याला दोन पानं, एक थोरलं, एक कोवळं. टोक वळून गालाकडे झुकलेलं. कापण्यापेक्षा त्याने सोडलं होतं जास्त. त्याचं त्याहून चांगलं काम मी पाहिलेलं नाही.

"आणि डावी?" मी विचारलं. "मशीनवर देतोस?"

"समिधाची डावी मशीनवर? येडी का खुळी तू?" तो माझ्यावर असा उखडला की मी दाराकडे बोट दाखवलं.

डावी त्यानेच कापली. जयवंती समोर बसून ऐकत होती. टकटक थांबली की विचारायची, "वळणावर आलात नं?" तो हूं म्हणायचा. दोन्ही डाया मुंबईला गेल्या. जयवंतीच्या आईच्या पाटल्याही गेल्या, त्यांच्याच सोन्याची कानातली व्हायची होती. काम उशिरा झालं. डबी आली ती थेट हळदीच्या सकाळी.

मी मांडवात रांगोळी घालत होते. बळवंतने मला हाताला धरून मागच्या चिकूखाली नेलं. डबी उघडली. कानातली फुलं सुंदर होती. पण दोन्ही उजवी होती. दोन्ही वेली एकाच बाजूला झुकलेल्या.

"मेण समोर ठेवलं होतं," तो म्हणाला. "ती करायची तसंच. पण हाताला उलटायचीच सवय, हंसा. मेणावरचं उलटलेलं हातानं परत उलटवलं. मला कळलंसुदा नाय." असली चूक करायला जन्मभर डाय कापावी लागते. शिकाऊ पोराकडूनही ती झाली नसती. व्यापाऱ्यानेही नीट न बघता छाप मारला होता. आता परत करायला वेळ नव्हता. डाव्या कानात वेल गालाकडे पाठ करून मागे बघणार होती.

"कोण बघतंय एवढं," मी म्हटलं. चित्रकलेच्या बाईने हे म्हणावं!

"कोण नाय बघणार. पण जयवंतीला सांगू नको. आईची पाटली गेली, डोले गेले, आता हे नको." त्याला रडू येत होतं आणि तो खोकल्याचं सोंग करत होता.

मी रांगोळी पुरी करते तो जयवंतीने आतून हाक मारली. खोलीत ती एकटीच होती. डबी समिधाने बापाकडून मागून घेऊन तिच्या मांडीवर आणून ठेवली होती. दोन फुलं दोन हातांत, आणि दोन्ही अंगठे सावकाश फिरत होते. पानाची शीर, कड, नितळ जागा. वळणावर अंगठा थांबला, परत मागे गेला.

"ताई, दोनी उजवी हायती ना?"

मी तिच्या मांडीवरची डबी उगाच बंद केली. झाकणाच्या त्या आवाजात तिला उत्तर ऐकू आलं.

तिचा चेहरा मला वाटला तसा पडला नाही. तो उजळला, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "नाय जमली त्यांना. डावी माज्याशिवाय नाय जमली." मग माझा हात घट्ट धरला. "पण त्यांना बोलू नका. मनाला लावून घेतील."

म्हणजे बघा, हळदीचा मांडव, आणि दोघं नवराबायको मला एकाच गोष्टीसाठी तोंड शिवून बसवतात. मला दोघांचाही संताप आला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. माझ्या आयुष्यात माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी समिधा नेसून बाहेर आली तेव्हा आम्ही तिघं पुढच्या खुर्च्यांवर होतो. सनई जोरात चालू होती. जयवंतीने मान त्या बाजूला वळवली, जिथे थोडा जास्त उजेड होता.

"कशी दिसते?"

बळवंत बघत होता. ज्याच्यासाठी जन्मभर परक्या बायकांच्या कानांत डोकावला, ते समोर चालत येत होतं. मग तो बोलू लागला, हळू, डाय कापल्यासारखा. मुंडावळ्या सरळ खाली आल्यायत. त्यांच्या बाजूला गालाचा गोल. केस काले, म्हणून सोनं उठून दिसतं. थोरलं पान सावलीत हाय, कोवल्या पानावर उजेड बसलाय. मान हलली की उजेड सरकतो. माझा तक्ता एवढा सोपा करून मला कधी सांगता आला नव्हता.

"उजवीकडची वेल?"

"गालाला टेकलीय."

"आणि डावीकडची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या झालरी मोजू लागले.

"ती पण," तो म्हणाला. "गालाकडंच हाय."

जयवंतीने मान हलवली. हातातल्या अक्षता एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतल्या. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलेलं, माज्याशिवाय नाय होयाची."

सनई थांबली. भटजी आईबापांना हाक मारत होते. बळवंत उठला नाही. तिच्या खुर्चीकडे वळला, आणि बाप्या माणूस भर मांडवात मुलासारखा रडायला लागला.

"नाय झाली, जयवंती. खोटं बोललो. तुज्याशिवाय नाय झाली."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली, आणि चाचपडत त्याचं तोंड पदराने पुसलं. "तुमच्या तोंडून आयकायचं होतं."