चार जीबीत न मावलेलं लग्न

गेल्या रविवारी देगलूरला मावशीच्या घरी होते. काम एकच... तिच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या लग्नाचा व्हिडिओ तिला टीव्हीवर दाखवायचा.

मावशी स्वतःच्या मुलीच्या लग्नाला नव्हती. लग्न तोंडावर आलं असताना न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. लग्न लातूरला होतं, आणि तिथपर्यंतचा प्रवास डॉक्टरांनी साफ नाकारला.

तारीख पुढे ढकलू, असं सगळे म्हणत होते. तिने ऐकलं नाही. "एका हाडापायी पोरीचं लग्न थांबवता का?" एवढं बोलून विषय मिटवला. सगळे खोलीबाहेर गेल्यावर मात्र मला म्हणाली, "फुलं तेवढी माझ्या हातानं पडायला पायजे होती बघ."

आमच्या बौद्ध लग्नात जयमंगल अष्टगाथा म्हणतात आणि प्रत्येक गाथेच्या शेवटी वधूवरांवर फुलांच्या पाकळ्या पडतात. त्या दिवशी मी हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला होता, पण नेटवर्क नव्हतं. मावशीला दिसले ते अडकलेले, अर्धवट चेहरे...

फोटोग्राफरने सगळ्या लग्नाची मिळून एकच फाईल दिली, अकरा जीबीची. मावशीच्या टीव्हीचा यूएसबी पोर्ट बंद पडलेला. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय नाही आणि अडॅप्टर नांदेडला राहिलेला. उरला मावसभावाचा जुना गेमिंग कन्सोल. तो टीव्हीला कायम जोडलेलाच असतो आणि एक्सटर्नल ड्राइव्हवरचे व्हिडिओ चालवतो.

अडचण अशी की तो फक्त फॅट-३२ फॉरमॅटचा ड्राइव्ह वाचतो, आणि त्या फॉरमॅटमध्ये एक फाईल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. ड्राइव्ह कितीही रिकामा असो... कॉपी करायला गेलं की 'फाईल खूप मोठी आहे' एवढंच उत्तर. फॉरमॅट बदलला तर कन्सोल ड्राइव्हला ओळखतच नाही.

मावशीचे यजमान, काका, शेजारी बसून बघत होते. "एवढा मोठा ड्राइव्ह म्हणतीस, अन् एक लग्न मावंना व्हय त्यात?"

फाईल लहान करता आली असती, पण त्यात अख्खी दुपार गेली असती आणि चित्रही खराब झालं असतं. म्हणून मी तिचे तुकडे केले. टूलला साईजची मर्यादा दिली, त्याने तीन भाग पाडले. पहिला भाग लावून पाहिला. आवाज आणि चित्र जुळत होतं. मला पुरेसं वाटलं.

तोपर्यंत गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मावशी लग्नासाठी घेतलेली पांढरी साडी नेसून पलंगावर टेकून बसली होती, आणि मांडीवर ताटभर पाकळ्या. शेजारच्या लक्ष्मक्का, घरात तेलुगू बोलणाऱ्या, तिला चिडवायला लागल्या. "अगं, जावई काय टीव्हीतून बाहेर येणार हाय का? एवढी फुलं कशाला?"

"आला न्हाई तर तुझ्यावर टाकते. गप बस."

व्हिडिओ सुरू झाला. पाहुण्यांचं स्वागत, जेवणाची पंगत, मग त्रिशरण-पंचशील... बायका प्रत्येक साडीवर मत देत होत्या. अष्टगाथा सुरू झाली तशी खोली शांत झाली. एकेक गाथा संपली की मावशी मूठभर पाकळ्या टीव्हीकडे टाकायची. निम्म्या पलंगावरच पडत होत्या, तिचा हात तेवढा लांब जात नव्हता.

पाचवी गाथा अर्ध्यात आली आणि स्क्रीनवर कन्सोलचा मेन्यू आला.

पहिला भाग संपला होता. टूलने साईज बघून कापलं होतं, आणि कुठे कापलंय हे मी बघितलं नव्हतं. हा कन्सोल पुढची फाईल आपोआप लावत नाही, हेही तपासलं नव्हतं. मी कंट्रोलर उचलला. माझ्याकडे कुणी बघू नये असं वाटत होतं...

मावशीने बघितलं नाही. तिने पाचवी गाथा तिथूनच उचलली आणि पुढे म्हणायला लागली. आवाज बसका होता, पण एक शब्द अडला नाही. दुसऱ्या ओळीला आणखी दोघी मिसळल्या, मग सगळ्या. ज्यांना गाथा येत नव्हती त्या लक्ष्मक्का खाली वाकून पाकळ्या गोळा करत होत्या आणि मावशीच्या ताटात परत टाकत होत्या.

दुसरा भाग स्क्रीनवर तयार होता. नुसतं बटण दाबायचं होतं... मी दाबलं नाही.

त्यांनी उरलेल्या सगळ्या गाथा म्हटल्या. शेवटची मूठ मावशीने ताणून टाकली, ती टीव्हीच्या काचेपर्यंत गेली. मग साडीचा पदर सावरत मला म्हणाली, "हं बाई, लाव आता तुझं."

लावलं. हॉलमधले लोक अजून पाचव्या गाथेवरच होते. काका म्हणाले, "घ्या! हे लातूरवाले मागंच राहिले की." मावशी इतकी हसली की तिला खुबा धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी फाईल नीट कापली, प्रत्येक विधी जिथे संपतो तिथे. अष्टगाथा सलग एका भागात बसवली. तिला म्हटलं, जुने भाग काढून हे टाकते, आता मध्ये थांबणार नाही.

"न्हाई न्हाई. तेच राहू दे," मावशी म्हणाली. "तिथं माझी म्हणायची पाळी असती."

नवीन भाग माझ्याकडे ठेवले आहेत. ड्राइव्हवर जुनेच आहेत... मी सहसा अशा गोष्टी इथे लिहीत नाही. पण ती ज्या सहजतेने त्या रिकाम्या जागेत शिरली, ते मला शिकायचं आहे.