कललेली डोलकाठी

मुंबईत माझी लाज राखली ती अजबखान्याच्या, म्हणजे म्युझियमच्या, एका पहारेकऱ्याने. चौथीतून शाळा सुटलेल्या मला, मी ज्या पेढीवर नवा लागलो होतो तिथल्या शेटजींनी पुण्याच्या पाहुण्यांना अजबखाना दाखवायला धाडलं होतं. "पाहुणे खूश झाले तर पेढीवर राहशील, नाहीतर गावची आगबोट धर," असं बजावूनच. तिथे सगळ्या पाट्या इंग्रजीत. पाहुण्यांनी काही विचारलं की मी खोकत काहीतरी पुटपुटत होतो.

पहारेकरी पिकल्या मिशांचे. बोलण्याआधी पागोटं सारखं करायची त्यांना सवय होती. माझा सूर ऐकून त्यांनी हळूच विचारलं, "कुठचा रे?"

"दाभोळचा. गलबतावर होतो."

"मी लांज्याचा. मग मेल्या, पाट्यांकडे काय बघतोस? इकडे ये!"

त्यांनी आम्हाला लाकडी गलबतांपुढे उभं केलं. पाहुणे हसले. "कारागिराने डोलकाठी वाकडी बसवलीय की!"

"वाकडी नव्हे, साहेब," मी बोलून गेलो. "ती मुद्दाम पुढे कललेली असते. शिडाचं आडवं लाकूड लांब नि जड. ते फिरवायला मोकळी जागा नको?" मग वारा, भरती, सुकाणू, सगळंच सांगत सुटलो. पाहुणे अर्धा तास हलले नाहीत.

निघताना पहारेकरी म्हणाले, "पाट्या वाचणारे रोज येतात. गलबत हाकलेला आज पहिलाच आला. मी तर आगबोटीखेरीज कशात बसलो नाही बाबा."

मी पेढीवर राहिलो. एक दिवस त्या पहारेकऱ्यांना दाभोळास नेईन, वाशिष्ठीच्या खाडीत शीड उभारीन आणि सुकाणू त्यांच्याच हाती देईन.