राहीआक्काची कपबशी

कारखान्याची निवडणूक लागली, चिन्हं वाटली गेली, आणि त्याच संध्याकाळी त्रिशला मगदूमच्या घरातल्या झाडून सगळ्या कपबश्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेल्या. तिचे यजमान धनपाल एका पॅनेलकडून उभे होते. त्यांच्या पॅनेलला छत्री मिळाली आणि समोरच्यांना कपबशी. आता उमेदवाराच्याच घरी कार्यकर्त्यांनी कपबशीतनं चहा प्यायचा म्हणजे फारच झालं! तेव्हापासून चहा स्टीलच्या पेल्यातून. बोटं भाजत, पण निष्ठा म्हणजे निष्ठा. आमच्या सांगलीकडचा माणूस एकवेळ उसाच्या पाण्याची पाळी चुकवेल, कारखान्याचं मतदान चुकवणार नाही.

त्रिशलाला त्या निवडणुकीचं फारसं काही नव्हतं. तिचं राज्य वेगळं होतं. धाकटी प्रीती लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा घर खायला उठलं, म्हणून तिनं ओळखीच्या पाच-सहा बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘चार टाके’. क्रोशाची सुई आणि दोरा, एवढंच भांडवल. सहा वर्षांत त्या पाच-सहाच्या तीनशेवर बायका झाल्या. सांगलीच्या होत्या, कराडच्या होत्या, शिरवळच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या होत्या, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या मळ्यात राबणाऱ्याही होत्या. कुणी तोरण टाकी, कुणी बाळाची टोपी, कुणी गॅस सिलिंडरला घातलेला झगा. हो, सिलिंडरलासुद्धा. विणायची खोड लागली की बाई काहीही उघडं ठेवत नाही.

ग्रुपचा नियम एकच आणि तो त्रिशलानं स्वतः लिहिलेला. राजकारण नाही, जातपात नाही, सकाळची फुलं नाहीत, फक्त टाके. कराडच्या एका बाईनं कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा फोटो टाकला, तर त्रिशलानं भाजी फोडणीला टाकता टाकता तो उडवला होता. बाकीचे ग्रुप भांडणांनी फुटत, हा टिकून होता. ‘त्रिशलाताईचा न्याय म्हणजे न्याय,’ असं बायका म्हणत. घरात तिला भाजी कुठली करायची एवढंसुद्धा कुणी विचारत नसे, आणि इथं तीनशे बायका तिचा शब्द मानत. त्या एका वाक्यावर तिचा जीव होता.

ग्रुपातली खरी गुरू मात्र म्हसवडची राहीआक्का. सत्तरीला टेकलेली. नवरा फौजेत होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झालेली. लिहिता-वाचता येई ते बेताचंच, म्हणून ती बोलून पाठवायची. रोज सकाळी म्हशीची धार झाली की तिचा आवाज ग्रुपात येई, मागं रेडकू ओरडत असे, आणि ती नव्या पोरींना टाके समजावी. तिचा आवडता टाका म्हणजे मुका खांब. क्रोशातला हा सगळ्यात ठेंगणा टाका. साधा खांब उंच असतो, फोटोत दिसतो, वाहवा मिळवतो. मुका खांब दिसतच नाही, पण वीण घट्ट धरायची असेल तर तोच लागतो.

‘‘आनि चूक झाली तर उसवायचं,’’ राहीआक्का सांगे. ‘‘चूक जितं हाय तितवर उसवायचं. वरच्या दोन वळी उसवून भागत न्हाई, पोरींनो. खालची चूक वर येती.’’

तर पावसाळ्यात त्रिशलानं एक तोरण विणलं. इवल्या इवल्या रंगीत छत्र्यांचं. इतकं देखणं झालं की बायकांनीच आग्रह धरला आणि त्याचा फोटो ग्रुपचा डीपी झाला. पाऊस गेला, दिवाळी गेली, थंडी पडली, तरी छत्री तिथंच. डीपी बदलायचं कुणाच्या ध्यानात राहतं? मग चिन्हं वाटली गेली, आणि पावसाळ्यातली छत्री एका रात्रीत धनपालरावांच्या पॅनेलची झाली.

पहिल्यांदा बोलली ती पूजा. तिचे सासरे लालासाहेब कपबशीकडून उभे होते. पूजानं अगदी नीट लिहिलं होतं, ‘‘ताई, मतदान होईपर्यंत डीपी बदलताय का? उगं लोक बोलतात.’’

त्रिशलानं उत्तर दिलं, ‘‘ती पावसाळ्यातली छत्री आहे, पूजा. निवडणुकीची नव्हे.’’

हे खरंच होतं. पण खऱ्यातसुद्धा सोयीचं खरं असतं. त्या दिवशी धनपाल जेवताना कौतुकानं म्हणाले होते, ‘‘तीनशे बायकांच्या फोनवर आपली छत्री! पैसे देऊनसुद्धा असा प्रचार झाला नसता बघ.’’ तीस वर्षांच्या संसारात तिच्या विणकामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. तो शब्द तिला डीपीपेक्षा जड वाटला, आणि तिनं छत्री राहू दिली.

मग व्हायचं तेच झालं. गावातल्या चार बायकांनी तिच्या उत्तराखाली बदाम टाकले. कुणीतरी ‘यंदा छत्रीच’ असं लिहिलं. पूजाच्या जावेनं ‘नियम फक्त गरिबाला का?’ म्हणून विचारलं. जिनं कराडच्या नेत्याला फोडणीच्या धुरात उडवलं, तिला आता दोन दिवस फोन बघायला सवड होईना.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपात एक फोटो आला. विणलेली कपबशी! पांढरा कप, निळ्या काठाची बशी, आणि खाली राहीआक्काचा आवाज, ‘‘बगा गं, कशी झालीया?’’

छत्रीवाल्या चौघी एकदम उसळल्या. ‘आता कसा चालतो प्रचार? ताई, काढा हिला!’ त्रिशला तेव्हा पंधरा माणसांचा नाश्ता करत होती. डोकं आधीच तापलेलं. पूजानंच म्हातारीचे कान भरले असणार, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते खरं धरलं. दूर माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बाईला इकडच्या कारखान्याचं काय? तिला ना मत, ना सभासदत्व, ना तिच्या रानात ऊस. पण डोक्यात निवडणूक शिरली की माणसाला दगडातही चिन्ह दिसतं. तिनं फोटो उडवला, आवाज उडवला, आणि राहीआक्कालाही ग्रुपातून काढून टाकलं. पोहे करपायच्या आत सगळं उरकलं.

‘‘शाब्बास!’’ धनपाल म्हणाले. या खेपेला मात्र तो शब्द तिला गोड लागला नाही.

त्यानंतर ग्रुप शांत झाला, जरा जास्तच शांत. सकाळी धारेच्या वेळेला त्रिशलाचा हात आपसूक फोनकडे जाई, पण रेडकू काही ओरडत नसे. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी शिरवळच्या श्रद्धानं विचारलं, ‘‘मुका खांब कसा घालायचा? माझा सैल पडतोय. राहीआक्का कुठं आहेत?’’ तीनशे बायकांनी तो प्रश्न वाचला. उत्तर कुणी दिलं नाही.

त्रिशलानं दुपारी घाबरत घाबरत राहीआक्काला फोन लावला.

‘‘आगं बाई, त्रिशलाताई!’’ तिकडून नेहमीचाच आवाज. ‘‘बरं झालं केलासा. आवं, माजा फोन बिघडलाय. बोलायला चालतुय, पर ग्रुपात मुका झालाय. काय बोललं तर जाईतच न्हाई. तुमास्नी कळतंय त्यातलं. कवा आलासा इकडं तर बगा जरा.’’

म्हणजे तिला माहीतच नव्हतं! त्रिशलाला आधी हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लगेच लाज वाटली. फोनवर सांगणं काही जमेना. ‘‘येते उद्याच,’’ एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली, विट्याला बदलली, आणि उन्हं चढायच्या आत ती म्हसवडला उतरली. राहीआक्काचं घर सिद्धनाथाच्या देवळाच्या पलीकडच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढं गोठा, आणि खिडकीपासून रेडिओपर्यंत जिथं तिथं क्रोशाचे रुमाल. राहीआक्कानं तिला बसवलं, पाणी दिलं, आणि चहा आणला तो कपबशीतून. किती दिवसांनी कपाचा कान बोटात आला होता. चहा साखरेनं नुसता घट्ट होता, पण त्रिशलानं एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

‘‘ह्यो बगा फोन,’’ राहीआक्कानं तो तिच्या हातात दिला.

त्रिशलानं ग्रुप उघडला. तळाला बारीक अक्षरात ओळ होती. त्रिशलाताईंनी तुम्हाला काढून टाकले. तिनं वर पाहिलं. राहीआक्का सुई घेऊन विणत बसली होती. किती सोपं होतं! आपल्या फोनवरून तिला पुन्हा आत घ्यायचं, ‘झाला बघा दुरुस्त’ म्हणायचं, आणि विट्याची गाडी पकडायची. म्हातारीला कधी कळलंही नसतं. त्रिशलानं आपला फोन काढला, बोट त्या बटणापर्यंत गेलंसुद्धा.

तिनं दोन्ही फोन खाली ठेवले.

‘‘आक्का, फोन बिघडला न्हाई. मीच काढलं तुमाला.’’

राहीआक्काची सुई थांबली नाही. ओळ संपली, तिनं दोरा ओढून घेतला, आणि मग म्हणाली, ‘‘ठावं हाय मला.’’

‘‘ठावं हाय?’’

‘‘पैल्यांदा वाटलं पैसं संपलं, म्हनून रिचार्ज मारला. मग नातीला दावलं. सृष्टीनं त्याच दिशी वाचलं समदं.’’

‘‘मग मला बिघडलाय म्हणून का सांगितलासा?’’

‘‘तुमी काय म्हंताय बगत हुते.’’

त्रिशलाला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेली बाई, उमेदवाराची बायको, परक्याच्या घरात पदर तोंडाला लावून रडली. राहीआक्कानं रडू दिलं. मग विचारलं, ‘‘माझ्या कपबशीनं केलं तरी काय हुतं? सृष्टीला बाहुलीच्या खेळात पायजे हुती.’’

त्रिशलानं सगळं सांगितलं. कारखाना, दोन पॅनेलं, चिन्हं, माळ्यावरच्या कपबश्या. हे ऐकून राहीआक्का इतकी हसली की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि अगदी सरळपणानं विचारलं, ‘‘आनि छत्री कशी ऱ्हायली मग?’’

याचं उत्तर आजवर तिनं स्वतःलाही दिलं नव्हतं.

‘‘माझ्या घरची हुती म्हणून,’’ त्रिशला म्हणाली.

‘‘मग चूक वरच्या वळीत न्हाई,’’ राहीआक्का म्हणाली. ‘‘खाली हाय.’’

निघताना त्रिशलानं विचारलं, ‘‘घेऊ का तुमाला परत ग्रुपात? शिरवळच्या श्रद्धाचा मुका खांब सैल पडतोय, ती तुमालाच विचारतीया.’’

‘‘आता लगीच नगं. लय लागलंय मला, खोटं कशाला बोलू? दहा दीस धार काढून गप बसत हुते. नात साळंत गेली की बोलायला कोन हाय हितं? आदी तुमी उसवा. मग बगू.’’

परतीच्या गाडीत त्रिशलानं छत्री काढली. डीपीचा गोल मोकळाच ठेवला. मग जन्मात पहिल्यांदा तिनं लिहिण्याऐवजी बोलून पाठवलं, गाडीच्या खडखडाटातच. ‘‘चिन्हं वाटली त्याच दिशी मी छत्री काढायला पायजे हुती. पूजानं सांगितलं हुतं. माझ्या घरची हुती म्हणून ऱ्हायली. राहीआक्काची कपबशी कुणाचीच नव्हती, नातीच्या बाहुलीची हुती, ती मी काढली. चूक माझी हाय.’’ पाठवल्यावर तिनं राहीआक्काला तेच बोलणं आणि आत यायची लिंक धाडली आणि फोन पर्समध्ये टाकला. आता तिचा न्याय कोण मानेल? तिला खरंच भीती वाटत होती.

दिवस मावळायच्या आत ती घरी पोचली, कसेबसे दोन घास खाल्ले, आणि शिडी लावून माळ्यावर चढली. धनपाल पाच-सहा कार्यकर्त्यांसह आले तेव्हा ट्रेमध्ये कपबश्या मांडलेल्या होत्या.

‘‘अगं, हे काय? आणि ते डीपीचं काय केलंस? मतं जातील!’’ धनपालांचा आवाज चढला.

‘‘आवं, कपबशी चहाची हाय,’’ त्रिशला म्हणाली. ‘‘तुमच्या पॅनेलच्या आदी माझ्या लग्नात आलीया ही.’’

कुणी हात पुढं करेना. शेवटी सगळ्यांत जुने कार्यकर्ते दादासो पुढं झाले. त्यांनी कप उचलला, चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला. ‘‘पंधरा दिसांनी आज चहा लागला गड्या,’’ ते म्हणाले. मग बाकीच्यांनीही घेतला. धनपालांनी मात्र घेतला नाही. ते आत जाऊन बसले. थोड्या वेळानं आतून विचारणा झाली, ‘‘माझा कुठाय?’’ तिनं तो बशी झाकून ठेवलेलाच होता.

ग्रुपात पूजानं हात जोडले होते. सातआठ बायका ग्रुप सोडून गेल्या, त्यांत त्या छत्रीवाल्या चौघी होत्या. राहीआक्काचं काहीच नव्हतं.

सकाळी धारेच्या वेळेला त्रिशला अंगणात चहा घेऊन उभी होती. फोन वाजला. आधी रेडकू ओरडलं, मग आवाज आला.

‘‘शिरवळची श्रद्धा, ऐक गं. कपाच्या कानाला मुका खांबच घालायचा, घट्ट. दिसत न्हाई कुनाला, पर समदा कप त्याच्यावरच उचलायचा असतुय.’’

त्रिशलानं ते दोनदा ऐकलं. हातातल्या कपातला चहा तोवर निवून गेला होता, आणि तिनं तो तसाच पिऊन टाकला.