पवनेच्या पलीकडचे दिवे

आम्ही गाव सोडलं तेव्हा दत्तू माझ्या ताब्यात दिलेला होता. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

खटावातून बैलगाडीनं रहिमतपूर स्टेशनावर आलो. गाडीत मी, माझी बायको गिरजा, तिच्या मांडीवर आमची कुसुम, आणि गिरजाचा धाकटा भाऊ दत्तू. दोन वर्षं पावसानं हुलकावणी दिली होती, आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या डेपोत माणसं घेतात असं आमच्या गावचा एकजण सांगून गेला होता. वडील स्टेशनापर्यंत आले नाहीत. वेशीवरच थांबले आणि म्हणाले, "जातोयस तर पाय रोवून ऱ्हा. निम्मा हितं, निम्मा तितं असं करू नगंस." सासूबाई मात्र फलाटापर्यंत आल्या. दत्तूचा हात माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जावईबापू, ह्याला बाप न्हाई. तुमीच बघा." दत्तूला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. गाडी हलली तसा तो रडायला लागला आणि मी मोठ्या माणसाच्या रुबाबात त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तो रुबाब मला पाच-सहा वर्षं पुरला.

खडकीत मला काम लागलं. खडकीतलं भाडं झेपेना म्हणून आम्ही पवनेच्या काठी पिंपळे सौदागरला घरमालक भिकोबांच्या गोठ्याशेजारची खोली भाड्यानं घेतली. दत्तूला सायकल मी शिकवली. डेपोत हमालीला मी लावलं. गावी पत्र जायचं त्यात शेवटची ओळ ठरलेली असायची, दत्तू माझ्याजवळ खुशाल आहे. ती ओळ लिहिताना मला बरं वाटायचं.

मग नदीपलीकडे पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला. दत्तू माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त शिकलेला, थोडं इंग्रजी वाचणारा. त्यानं अर्ज केला, मला विचारून केला, आणि लागला. वर्षभरात लग्न झालं, त्याला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळाली. गिरजानं गल्लीभर साखर वाटली. मीही चिमूटभर तोंडात टाकली आणि ती मला गोड लागली नाही.

गावाकडच्या मंडळींना वाटतं, पुण्याकडे गेले ते सगळे एकाच सुखात आहेत. तसं नाही. इथं नदी आडवी आहे.

माझा दिवस असा होता. पहाटे उठायचं, सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून उतारावर यायचं, ती होडीत आडवी घालायची, पलीकडे उतरून कासारवाडीच्या सडकेला लागायचं आणि दापोडीचा पूल ओलांडून खडकी गाठायची. होडी चुकली की लेट मार्क. वर कँटोन्मेंटवाले सायकलच्या कराचा बिल्ला तपासायचे. ज्या गावात मी राहत नव्हतो त्या गावाला मी सायकलची पट्टी भरत होतो. आणि ज्या गावात राहत होतो तिथं भिकोबा घरपट्टीबरोबर दिवाबत्तीचा करही माझ्या भाड्यात चढवत होते. दिवाबत्ती म्हणजे चावडीपुढे एक कंदील, तोही अमावस्येला पेटला तर पेटला.

दत्तू कामाला चालत जायचा. भोंगा झाला की चहाचा पेला खाली ठेवायचा, चपला घालायचा, निघायचा. घरात नळ. डोक्यावर विजेचा दिवा. घरपट्टी नाही, दिवाबत्ती नाही. कॉलनीतच शाळा, आणि ती कसली शाळा! प्रत्येक वर्गाला वेगळी खोली आणि वेगळा मास्तर. आमच्याकडे लोकल बोर्डाची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. चारी इयत्तांना एकच गुरुजी, आणि पाऊस लागला की चारी इयत्ता मारुतीजवळ सरकायच्या.

तिन्हीसांजेला मी ओट्यावर बसलो की नदीपलीकडे, झाडांच्या वरून, कॉलनीचे दिवे लागलेले दिसत. एकदम लागत, सगळे एकदम. गिरजा म्हणायची, "दत्तूकडं दिवे लागले." तिच्या आवाजात भावाचं कौतुक असे. मी उठून गोठ्याच्या बाजूला तोंड करून बसायचो.

दत्तू वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो दर रविवारी यायचा, येताना कुसुमला पाटी-पेन्सिल आणायचा, माझ्या पाया पडायचा. त्याच्या वाकण्याचासुद्धा मला राग यायचा.

कुसुमची चौथी झाली आणि प्रश्न उभा राहिला. आमच्या शाळेत पुढचा वर्ग नव्हता. गावातल्या दोन-चार पोरांना नदीपलीकडे धाडत, पोरींना घरी बसवत. दत्तू त्या रविवारी म्हणाला की कॉलनीच्या शाळेत जागा उरली तर बाहेरचं मूल घेतात, त्यानं हेडमास्तरांना विचारलं आहे, कुसुम त्याच्याकडे राहील, यमुनालाही सोबत होईल. यमुना म्हणजे त्याची बायको. गिरजाचा चेहरा उजळला. मी म्हणालो, "नको. पोरगी शिकली नाही तरी चालेल."

असं मी बोललो. माझ्या तोंडून ते कसं आलं ते मला आजही कळत नाही, कारण पोरीला शिकवायचं म्हणून तर मी खटावातून निघालो होतो, असं मी सगळ्यांना सांगायचो.

दोन दिवसांनी गिरजा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्हाला शाळा नको का दत्तूची शाळा नको, तेवढं मला सांगा."

मग मी मधला मार्ग काढला. कुसुम त्या शाळेत जाईल, पण राहील माझ्याकडे. मी रोज तिला होडीतून नेईन.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सायकलच्या दांडीवर कुसुम, तिच्या मांडीवर दप्तर. पलीकडे उतरायचं, रूळ ओलांडून तिला कॉलनीच्या फाटकाशी सोडायचं आणि मग उलटं खडकीकडे पायडल मारायचं. लेट मार्क वाढत गेले. संध्याकाळी ती मामाच्या घरी थांबायची आणि मी डेपोतून येऊन फाटकातून हाक मारायचो. आत जायचो नाही. यमुना चहाला बोलवायची, मी होडीचं निमित्त सांगायचो.

आषाढात एका संध्याकाळी मी पोचलो तर सडकेवरच कळलं की पवनेला पूर आलाय, होडी बंद. फाटकात उभं राहून हाक मारण्यात अर्थ नव्हता. भिजून चिंब झालो होतो. आत गेलो.

कुसुम दिव्याखाली बसून गणित सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. आमच्याकडे ती चिमणीजवळ इतकी वाकून बसायची की केस जळतील अशी भीती वाटायची. इथं ती ताठ बसली होती. माझी पोर मला त्या उजेडात दुसऱ्या कोणाची तरी वाटली. यमुनानं कोरडं धोतर दिलं, नळ सोडून पाय धुवायला सांगितलं, आणि मी त्या नळाकडे बघत राहिलो, शत्रूकडे बघावं तसा.

जेवणं झाल्यावर दत्तू आणि मी पडवीत बसलो. मी न राहवून म्हणालो की तुझं बरं आहे, तुला नदी नाही, पट्टी नाही.

दत्तू म्हणाला, "दाजी, आई माझ्याकडं राहिली का हो?"

हे मला सांगायला हवं होतं ते राहिलं. सासूबाई मागच्या वर्षी गावाहून आल्या होत्या. मुलाकडे म्हणून आल्या, आठवडाभर क्वार्टरमध्ये राहिल्या आणि नदी ओलांडून आमच्याकडे आल्या त्या आमच्याच झाल्या. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणारी ती बाई. पण तिथं गाईगुरं नाहीत, दारात बसायला कोणी नाही, शेजारणीशी बोलायचं तर हिंदी लागतं. आमच्याकडे गोठ्याचा वास होता, भिकोबांच्या आईशी गप्पा होत्या. माझ्या लेखी हे एक वाढीव तोंड होतं. याच्याकडे कोणी हेव्यानं बघेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी रविवारी येतो ते तुमच्या घरी," दत्तू म्हणाला. "माझी आई तिथं मला पाव्हण्यासारखा चहा देती. आणि ही जागा तर नोकरी आहे तोवर. उद्या कामावरून कमी केलं, तर फाटकाबाहेर."

त्याला वाईट वाटत होतं आणि मला ते ऐकून बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू. पण त्या बरं वाटण्याच्या आधारानं मला एक शहाणपणाची गोष्ट बोलता आली. मी म्हणालो, पावसाळाभर कुसुम राहू दे इथं. शनिवारी घरी पाठव.

पूर ओसरल्यावर मी चावडीवर गेलो. म्हटलं, दिवाबत्तीचा कर घेता तर निदान उतारावर, होडीपाशी एक कंदील लावा, आणि शाळेला पाचवीचा वर्ग मागा. सरपंच जुन्या घराण्यातले, माणूस तिरसट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमी न्हाई म्हनत न्हाई. पर पट्टी भिकोबाच्या नावावर हाय. तुमी भाड्यानं ऱ्हाता. उद्या उठून जाल. भिकोबा बोलंल तर बोलंल."

इतकी वर्षं ज्या पट्टीला मी शिव्या दिल्या, ती माझ्या नावावरच नव्हती. चावडीवर बसलेल्या त्या माणसांकडे बघून मला पहिल्यांदा त्यांचाही हेवा वाटला. त्यांच्याकडे कर मागायला कोणीतरी त्यांचं नाव घेऊन दारात येत होतं.

गिरजाच्या पाटल्या गेल्या, गावची विहिरीजवळची जमीन माझ्या धाकट्या भावाला विकली, आणि भिकोबांनी नदीच्या अंगाला जागेचा तुकडा दिला. मातीच्या भिंती, वर पत्रे, दोन खोल्या. दत्तू रविवारी येऊन चिखल तुडवायचा, घमेली उचलायचा. त्याची आई ओट्यावर बसून त्याला सूचना द्यायची आणि तो खुशीत असायचा. पहिल्या वर्षी कोतवाल पट्टी मागायला आला आणि त्यानं बाहेरून माझ्या नावानं, वडिलांच्या नावासकट, हाक मारली. मी पैसे देताना त्याला बस म्हणालो, चहा दिला. तो चकित झाला. पट्टी देताना कोणी चहा पाजत नाही.

होडीपाशी कंदील लागला. पाचवीचा वर्ग अजून नाही. त्यासाठी मी अजून चावडीवर भांडतो.

तुम्ही गावी आहात, किंवा माझ्यासारखे कुठे लांब आहात. तुम्हाला वाटेल की घर झालं आणि हेवा गेला. गेला नाही. कॉलनीचे दिवे लागतात आणि काळजाला अजून चटका बसतो. पावसाळ्यापुरती म्हणून ठेवलेली कुसुम तिकडंच राहिली; शनिवारी येते ती यमुनामामीच्या हातच्या भाजीचं कौतुक करत येते, आणि मी घास तसाच धरून ऐकतो.

परवाच्या शनिवारी ती होडीतून उतरली आणि पळत आली. सहामाहीत वर्गात दुसरी आली होती. आजीला सांगितलं, आईला सांगितलं, माझ्या गळ्यात पडली. मी विचारलं, मामा काय म्हणाला? विचारताना माझ्या मनात होतंच की तिथं कालच पेढे वाटून झाले असतील.

ती म्हणाली, "मामांनी विचारलं होतं. मी नाही सांगितलं. म्हटलं, आधी घरी."

गिरजा माझ्याकडे बघत होती. मी टोपी घातली आणि उताराकडे निघालो. होडीवाल्यानं विचारलं, डेपो तर सुटला ना, आता पलीकडे काय काम? मी म्हणालो, दत्तूला एक सांगायचंय. मधोमध आलो तेव्हा पलीकडे दिवे लागले, आणि तिथं कोणाला माहीत नाही असं काहीतरी माझ्याजवळ होतं.